घाम गाळल्यावर दुखणे कमी होते?

वेदनेची संवेदनशीलता मोजताना दोन वेगळे आकडे घेतले जातात. दाब, उष्णता किंवा थंडी हळूहळू वाढवत नेली की ज्या क्षणी माणूस ‘आता दुखू लागले’ म्हणतो, तो वेदनेचा उंबरठा. त्यापुढेही मारा चालू ठेवला आणि तो ‘बस, थांबवा’ म्हणाला, की ती सहनसीमा. दाबासाठी अल्गोमीटर नावाचे साधे उपकरण असते. त्याचे साधारण एक चौरस सेंटिमीटरचे रबरी टोक मांडीवर किंवा हातावर टेकवायचे, दाब एकसारख्या वेगाने वाढवायचा आणि आकडा किलोपास्कलमध्ये वाचायचा. सहनसीमेसाठी बर्फाळ पाण्यात हात बुडवायला सांगतात, किंवा रक्तदाबाचा पट्टा आवळून हाताचा रक्तपुरवठा थांबवतात आणि मूठ आवळायला-सोडायला लावतात. कोणतेही दुखणे नसलेल्या माणसात हे आकडे व्यायामाने बदलतात का, कोणत्या व्यायामाने बदलतात आणि का, यावर दोन बाजू आहेत.

पुरस्कर्ता : व्यायामानंतर निरोगी माणसाची वेदना बोथट होते, हे निरीक्षण नवे नाही. १९७९मध्ये ‘मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलिया’त लांब पल्ल्याच्या धावपटूच्या वेदनाहीनतेवर लेख आला आणि पुढे वेदनेच्या प्रयोगशाळांत सायकली, ट्रेडमिल आणि वजने आली. या प्रयोगांत व्यायामाचे ढोबळ तीन प्रकार दिसतात. पहिला दमसासाचा, म्हणजे धावणे, सायकल, झपझप चालणे. दुसरा वजनांचा, ज्यात स्नायू आळीपाळीने आखडतो आणि सैलावतो. तिसरा स्थिर ताणाचा, ज्याला आयसोमेट्रिक म्हणतात. भिंतीला पाठ टेकून गुडघ्यात वाकून अधांतरी बसणे किंवा पकडमापक आवळून धरून ठेवणे हा त्यातला. २०१२मध्ये अमेरिकेतल्या केली नॉगल आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा निरोगी माणसांत तिन्ही प्रकारांनी वेदना कमी झालेली आढळली. दमसासाच्या व्यायामाचा परिणाम मध्यम होता, वजनांचा त्याहून मोठा आणि स्थिर ताणाचा सर्वांत मोठा. शिवाय हा परिणाम राबलेल्या स्नायूपुरता राहत नाही. एका हाताने पकड दोनेक मिनिटे आवळून धरली तर दुसऱ्या, स्वस्थ असलेल्या हातालाही दाबाची वेदना कमी जाणवते, हे २००७च्या एका प्रयोगात दिसले. म्हणजे हा स्नायू बधिर होण्याचा स्थानिक प्रकार नव्हे. मेंदू आणि मज्जारज्जू यांची वेदना दाबण्याची जी अंगभूत यंत्रणा आहे, ती व्यायामाने जागी होते.

शंकेखोर : सर्वांत मोठ्या परिणामापासूनच सुरुवात करणे सोयीचे. २०२१मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल वेवेज आणि मॅथ्यू जोन्स यांनी पुन्हा एकत्रित विश्लेषण केले, पण चाळणी बारीक लावली. ज्या प्रयोगांत व्यायामाच्या बरोबरीने स्वस्थ बसण्याचीही पाळी होती आणि वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी यदृच्छेने झाली होती, तेवढेच घेतले. निरोगी माणसांपुरता निकाल असा : दमसासाच्या व्यायामाचा परिणाम ०.८५, वजनांचा ०.४५, स्थिर ताणाचा ०.१६. या मापावर ०.८च्या पुढे परिणाम मोठा मानतात आणि ०.२च्या खाली जवळजवळ नाहीच. नऊ वर्षांत पहिल्या क्रमांकाचा व्यायाम शेवटी जाऊन बसला, आणि तेही शरीरशास्त्रात कोणता नवा शोध लागला म्हणून नव्हे, तर तुलना नीट केली म्हणून. एकदा दाब सोसलेल्या माणसाला दुसऱ्या खेपेला काय येणार ते ठाऊक असते, आणि मधल्या वेळात तो नुसता खुर्चीत बसला असता तरी त्याचा आकडा हलला असता. आधी आणि नंतर एवढेच मोजणाऱ्या प्रयोगांत ही हालचाल व्यायामाच्या खात्यावर जमा होते. दुसरी गोष्ट काळाची. १९९८मध्ये केली कोल्टिन आणि सहकाऱ्याने ४५ मिनिटांच्या वजनांच्या व्यायामानंतर मोजणी केली. पाच मिनिटांनी उंबरठा वर गेलेला होता, पंधरा मिनिटांनी तो जागेवर आला होता. कपडे बदलेपर्यंत ओसरणाऱ्या परिणामाला ‘वेदना कमी होते’ असे बिनदिक्कत म्हणावे का?

पुरस्कर्ता : कमी काळ टिकणे आणि मुळात नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२१च्या विश्लेषणातला स्थिर ताणाचा आकडा तीन अभ्यासांतल्या १७७ जणांवरून काढलेला आहे आणि वजनांचा आकडा तर दोनच अभ्यासांतल्या २३ जणांवरून. एवढ्या आधारावर क्रमवारी लावणे हीसुद्धा घाईच. खरा मुद्दा मात्रेचा आहे. २००४मध्ये मार्टिन हॉफमन यांच्या गटाने त्याच माणसांना ट्रेडमिलवर तीन प्रकारे धाववले : कमाल प्राणवायू-क्षमतेच्या ७५ टक्क्यांवर दहा मिनिटे, ५० टक्क्यांवर तीस मिनिटे आणि ७५ टक्क्यांवर तीस मिनिटे. वेदना कमी झाली ती फक्त तिसऱ्या खेपेला. जोर पुरेसा हवा आणि वेळही पुरेसा हवा. दोहोंतले एक कमी पडले की हाती काही लागत नाही. स्थिर ताणातही हेच दिसते. २००८च्या एका प्रयोगात कमाल ताकदीच्या फक्त २५ टक्के जोर लावून, पण हात पूर्ण थकेपर्यंत, धरून ठेवल्यावर परिणाम सर्वाधिक मिळाला. तोच हलका जोर दोन मिनिटे धरून काही घडले नाही. थकव्यापर्यंत नेलेला आणि मध्येच सोडलेला, असे दोन्ही व्यायाम ‘आयसोमेट्रिक’ या एका नावाखाली टाकून सरासरी काढली, तर ती शून्याकडे झुकणारच.

शंकेखोर : प्रकार गौण आणि मात्रा मुख्य, असे तुम्ही म्हणत असाल तर ते जिथे उघड मोडते तो प्रकार आधी पाहावा लागेल. स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, असा व्यायाम सवय नसताना केला तर वेदना-संवेदनशीलता कमी होण्याऐवजी वाढते, आणि तीही पंधरा मिनिटे नव्हे, दोन-तीन दिवस. गड चढताना दम लागतो, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या जो हिसका दाखवतात तो गड उतरल्याचा. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू प्रत्येक पावलाला लांबत लांबत शरीर थोपवून धरतो. अशा स्नायूवर अल्गोमीटर टेकवला तर दुखण्याचा उंबरठा चांगलाच खाली आलेला सापडतो. तेव्हा ‘व्यायामाने वेदना कमी होते’ या वाक्याला निदान तीन शेपट्या जोडाव्या लागतात : कोणत्या व्यायामाने, किती वेळानंतर आणि शरीराच्या कोणत्या भागात.

आता कारणाकडे. सत्तरच्या दशकाच्या मध्याला मेंदूत अफूसारखी काम करणारी रसायने सापडली आणि धावपटूंची गोष्ट आयती तयार झाली : धावल्याने एंडॉर्फिन सुटते, म्हणून दुखत नाही. जिम चालवणाऱ्या प्रत्येकाला ती तोंडपाठ आहे. पण रक्तात वाढलेले बीटा-एंडॉर्फिन मेंदूभोवतीचा रक्त-मेंदू अडथळा सहजी ओलांडत नाही. आणि अफूवर्गीय ग्राहके बंद करणारी नालोक्सोन, नाल्ट्रेक्सोन ही औषधे आधीच दिली, तर व्यायामाचा परिणाम काही प्रयोगांत नाहीसा होतो, काहींत तसाच राहतो. २०१४मध्ये कोल्टिन यांच्या गटाने निरोगी लोकांना एकदा नाल्ट्रेक्सोन आणि एकदा बनावट गोळी देऊन पकड आवळायला लावली. वेदना दोन्ही वेळा सारखीच कमी झाली. ज्या यंत्रणेला कुलूप लावूनही परिणाम होतच राहतो, ती यंत्रणा त्याचे कारण कशी?

पुरस्कर्ता : एकटे एंडॉर्फिन कारण नाही, हे मान्य. पण त्याच प्रयोगात रक्तातली एंडोकॅनाबिनॉइड द्रव्ये, म्हणजे शरीर स्वतः बनवते ती गांजासदृश रसायने, व्यायामानंतर वाढलेली आढळली. ती मेदात विरघळणारी असल्याने त्यांना मेंदूचा अडथळा तितकासा अडवत नाही. शिवाय कष्टाचा व्यायाम स्वतःच दुखतो आणि एक दुखणे दुसऱ्याला दाबते, ही मज्जारज्जू-मेंदू पातळीवरची जुनी ज्ञात यंत्रणाही इथे काम करत असणार. रक्तदाब वाढल्यानेही वेदना काहीशी दबते. कारणे अनेक असली तर त्यांतले एक बंद करून परिणाम थांबणार नाही, हे ओघानेच आले.

नेमका पुरावा हवा असेल तर २०१७चा एक ऑस्ट्रेलियन प्रयोग पाहावा. ३६ निरोगी माणसांनी पाच मिनिटे जोरात सायकल मारली. तेवढा वेळ, आणि नंतरच्या मोजणीतही, प्रत्येकाच्या एका हाताचा रक्तपुरवठा पट्टा आवळून बंद ठेवलेला होता. मांडीवर आणि मोकळ्या हातावर वेदनेचा उंबरठा वाढला. बांधलेल्या हातावर तो तितका वाढला नाही. याचा अर्थ, रक्तातून पोचणारे काहीतरी परिणामाचा एक हिस्सा घडवते. ते द्रव्य कोणते हे नक्की नसले तरी ते वाहते, हे कळले.

शंकेखोर : बांधलेला हात बांधल्यामुळेच दुखत असतो, त्यामुळे त्यावर काय मोजले गेले हा प्रश्न उरतो. अर्थात स्वस्थ बसण्याच्या पाळीतही तो हात बांधलेलाच होता, म्हणून हा आक्षेप फार ताणण्यात अर्थ नाही. मोठा आक्षेप वेगळा आहे. वेदना ही जळजळीची किंवा दाबाची नुसती वर्दी नसते. ती वर्दी मिळाल्यावर मेंदूने दिलेला तो निवाडा असतो, आणि निवाड्यावर सांगोवांगीचाही परिणाम होतो. २०१७च्याच आणखी एका प्रयोगात निम्म्या लोकांना आधी व्यायामाने वेदना कशी कमी होते यावर माहिती दिली, उरलेल्यांना व्यायामाविषयीच पण इतर माहिती दिली. मग सगळ्यांनी सारखीच सायकल मारली. ज्यांना वेदनेविषयी सांगितले होते त्यांची वेदना अधिक कमी झाली. २०२०मध्ये डेन्मार्कमधल्या हेनरिक वेग्टर यांच्या गटाने उलटी बाजूही तपासली. भिंतीला टेकून अधांतरी बसण्यापूर्वी काहींना सांगितले की याने दुखणे कमी होईल, काहींना सांगितले की वाढेल. पहिल्या गटाचा उंबरठा वर गेला आणि दुसऱ्याचा गेला नाही. उलट संवेदनशीलता वाढली. व्यायाम तोच, स्नायू तेच, कष्ट तेवढेच. केवळ दोन वाक्यांनी दिशा बदलत असेल, तर दमसास की वजने की स्थिर ताण या तुलनेत प्रत्यक्ष मोजले काय जाते? व्यायामाचा प्रकार, की त्या प्रकाराविषयी लोकांच्या मनात आधीच असलेली कल्पना?

त्यातच २०१०चा ऑक्सफर्डचा प्रयोग धरावा. विद्यापीठाच्या नाविकांनी वल्हवण्याच्या यंत्रावर एकदा एकट्याने आणि एकदा चमूने, एका ठेक्यात, तेवढेच काम केले. चमूने केल्यावर वेदनेचा उंबरठा अधिक चढला. लेझीम किंवा ढोलपथकाच्या सरावानंतरही तसे मोजण्याजोगे आहे. पण मग प्रश्न येतो की दमसासाच्या व्यायामाच्या खान्यात ठेका आणि सोबत कुठे बसवायची.

या टप्प्यावर शंकेखोराची बाजू जड वाटते, आणि एका बैठकीच्या व्यायामापुरती ती जड आहेही. पुरस्कर्त्याकडे उरलेला भक्कम मुद्दा वेगळ्या मापाचा आहे.

पुरस्कर्ता : अपेक्षेचा वाटा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही, वेदनेवरच्या गोळ्यांतही तो असतो. पण आतापर्यंतचा सगळा वाद उंबरठ्याभोवती आणि एका बैठकीनंतरच्या काही मिनिटांभोवती फिरला. नियमित व्यायाम करणाऱ्यांत बदलते ती मुख्यतः सहनसीमा. २०१२मध्ये योनास टेसार्झ आणि सहकाऱ्यांनी खेळाडू आणि इतर लोक यांची तुलना करणारे अभ्यास एकत्र केले. उंबरठ्याबाबत चित्र संमिश्र होते, सहनसीमा मात्र खेळाडूंमध्ये सातत्याने वरची होती. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोच्या लोकसंख्या-अभ्यासात तर १०,७३२ प्रौढांचे हात सात-आठ वर्षांच्या अंतराने दोनदा बर्फाळ पाण्यात बुडवले गेले. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत बैठ्या लोकांच्या तुलनेत हलकी हालचाल करणारे सुमारे ७ सेकंद, मध्यम १४ आणि जोरदार १६ सेकंद अधिक टिकले. आणि २०१४चा जोन्स यांचा प्रयोग या मुद्द्याचा गाभा आहे. बैठ्या सवयीच्या बारा निरोगी तरुणांनी सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, अर्धा अर्धा तास जोरात सायकल मारली. त्यांचा दाबाचा उंबरठा जिथल्या तिथे राहिला. पण पट्टा आवळलेल्या हाताची वेदना ते आधीपेक्षा बराच अधिक वेळ सोसू शकले. सायकल पायांनी मारली होती आणि चाचणी हाताची होती, हेही ध्यानात घ्यावे. वेदना तेवढ्याच दाबाला सुरू होत होती. ती सुरू झाल्यावर माणूस काय करतो, ते बदलले.

शंकेखोर : त्या प्रयोगातले बारा जण कोण होते, हे सांगायचे राहिले. व्यायाम सुरू करण्याची इच्छा असलेले ते बारा, आणि तुलनेचे बारा जण व्यायाम नको म्हणणारे. ज्याला कष्ट करायचे आहेत तो चाचणीतही थोडा अधिक चिवटपणा दाखवेल, यात नवल काय? ट्रॉम्सोच्या आकड्यांतही तीच गोम आहे : वेदना सोसू शकणारा माणूस अधिक हिंडतो-फिरतो, की हिंडणारा-फिरणारा अधिक सोसू लागतो? २०१४मध्येच उत्तर अमेरिकेतल्या अनुभवी योगाभ्यासी लोकांची तुलना योग न करणाऱ्यांशी झाली. थंड पाण्यात ते दुपटीहून अधिक वेळ टिकले आणि त्यांच्या मेंदूच्या इन्सुला या भागात करड्या द्रव्याचे प्रमाण अधिक होते. आपल्याकडे हा निष्कर्ष कौतुकाने सांगितला जातो. पण वर्षानुवर्षे आसनात टिकून राहणारे लोक मुळात कोण असतात, याचे उत्तर तो देत नाही. शिवाय सहनसीमा म्हणजे ‘थांबवा’ हा शब्द किती उशिरा उच्चारला, एवढेच. त्यात संवेदनशीलता किती आणि ऐट किती?

पुरस्कर्ता : निवडीचा आक्षेप रास्त आहे, आणि त्याला एका प्रयोगाने अंशतः उत्तर दिले आहे. २०१७मध्ये थॉमस ओ’लीरी यांच्या गटाने वीस निरोगी लोकांची यदृच्छेने दोन भागांत वाटणी केली. दोन्ही गटांना सहा आठवड्यांचे सायकल प्रशिक्षण दिले, एकूण काम सारखे ठेवले. एका गटाने जोरदार टप्पे आणि मध्ये विसावा अशा रीतीने ते केले, दुसऱ्याने एकसारख्या मध्यम गतीने, अधिक वेळ. रक्तपुरवठा थांबवलेल्या हाताची सहनसीमा पहिल्या गटात वाढली, दुसऱ्यात वाढली नाही. दोन्हीकडे व्यायामाला राजी झालेलेच लोक होते, दोन्हीकडे घाम गळत होता, दोन्हीकडे देखरेख होती. फरक होता तो व्यायामात सोसलेल्या जळजळीचा. याचा सरळ अर्थ असा की थोड्या थोड्या वेळाने मोठी यातना घेऊन तिच्यातून पार पडणे हेच शिक्षण आहे, आणि ते शरीराच्या दुसऱ्या भागातल्या, दुसऱ्या जातीच्या वेदनेलाही लागू पडते. याला ऐट म्हणायचे तर म्हणावे. पण सहा आठवड्यांत ठरावीक व्यायामाने येणारी आणि दुसऱ्याने न येणारी ऐट ही शिकलेली गोष्ट असते.

शंकेखोर : मग निदान दाव्याचे नाव बदलावे लागेल. शिकलेला चिवटपणा हा वेदनेच्या संवेदनेतला बदल नव्हे. तो वेदनेशी वागण्यातला बदल. आणि वीस माणसांच्या प्रयोगावर तोही ठामपणे सांगता येत नाही. शिवाय जोरदार टप्प्यांच्या गटाला आपण काहीतरी खडतर करत आहोत हे ठाऊक होते. खडतर केल्याने कणखर होतो ही समजूत प्रत्येक तालमीच्या भिंतीवर लिहिलेली असते. अपेक्षेचा प्रश्न इथे सुटलेला नाही, सहा आठवड्यांवर पसरला आहे. आणखी एक अडचण राहते. एका बैठकीच्या परिणामाबाबत वेग्टर यांच्या गटानेच दाखवले की एका दिवशी ज्याची वेदना व्यायामाने कमी झाली, त्याचीच ती दुसऱ्या दिवशी कमी होईल याचा भरवसा नाही. गटाची सरासरी बऱ्यापैकी स्थिर, पण माणसागणिक निकाल अस्थिर. असा परिणाम एखाद्याला ‘तुला हा व्यायाम लागू पडेल’ म्हणून सांगता येत नाही.

पुरस्कर्ता : वागण्यातला बदल आणि संवेदनेतला बदल यांच्यात एवढी उंच भिंत उभी करता येते का, हाच मतभेद आहे. वेदना म्हणजे मेंदूचा निवाडा, असे तुम्हीच म्हणालात. सोसताना त्या निवाड्याला कमी धोका दिसत असेल, तर बदललेला निवाडा हीच बदललेली वेदना. तपासायचे तर मोठा प्रयोग हवा : यदृच्छेने वाटणी, समान काम, एका गटाला व्यायामाने संवेदनशीलता वाढते असे सांगितलेले, मोजणाऱ्याला कोण कोणत्या गटातला हे ठाऊक नसलेले, आणि उंबरठा व सहनसीमा अशा दोन्हींच्या वेगळ्या नोंदी, दाबाच्या, उष्णतेच्या आणि थंडीच्याही.

शंकेखोर : तो प्रयोग झाला पाहिजे, आणि त्याचा निकाल येईपर्यंत उंबरठा आणि सहनसीमा एकाच शीर्षकाखाली छापणे थांबले पाहिजे. पण त्यातही एक पोकळी राहीलच. मोजणाऱ्यापासून गट लपवता येतो. ज्याने सायकल मारली, त्याच्यापासून त्याने सायकल मारली हे लपवता येत नाही.